पुस्तकात नसलेली विहीर

आमच्या वर्ध्याकडच्या माणसांच्या लेखी पनवेल हे गाव नव्हेच; ते गाडी बदलण्याचे ठिकाण. कोकणात जाणारा तेथे उतरतो, गोव्याला जाणारा तेथे चहा पितो, आणि परतल्यावर दोघेही 'फार उकडते हो तिथे' एवढेच सांगतात. मी मात्र पौषातले चार दिवस पनवेललाच जायचे म्हणून गेले होते. परतल्यावर आमच्या जुन्या वाचनमंडळातल्या उरल्यासुरल्या बायकांनी विचारले, "काय पाहिलेस?" मी म्हटले, "एक विहीर." त्यावर एकीने विचारले, "पनवेलला कोणती विहीर ग प्रसिद्ध?" तेव्हा मला उत्तर देता आले नाही. हे लिहिते आहे ते त्या उत्तरासाठी.

अकरा वर्षांपूर्वी मी घेत असे त्या मासिकात वाचकांच्या पत्रांचे एक पान असायचे. 'सध्या काय वाचता?' हे त्या पानाचे नाव. त्यात एकदा पनवेल तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका खेड्यातून आलेले पत्र छापले होते. खाली नाव होते गोमती घरत. ज्या कादंबरीविषयी ते होते ती मी शाळेत मराठी शिकवताना तीनदा वाचलेली. पत्रात लिहिले होते: "त्या बाईने नवऱ्याला क्षमा केली, पण कडेवरचे मूल त्याच्या हाती दिले नाही. क्षमा केली, मूल दिले नाही. हे बरोबर आहे."

वाचता वाचता माझ्या हातातला चहा निवला. मला त्या बाईच्या कडेवरचे मूल आठवेना. तीन वाचनांत मी नेमके काय वाचले होते? त्याच दिवशी मी गोमतीबाईंना पत्र टाकले, आणि तेव्हापासून दर दोन महिन्यांनी त्यांचे गोल, टपोऱ्या अक्षरांतले पत्र माझ्या दारात येऊ लागले. प्रत्येकाचा, आणि माझ्या उत्तराचाही, शेवट एकाच प्रश्नाने होई: सध्या काय वाचता? शिफारशीही असत, आणि त्या अशा: "हे पुस्तक थंडीत वाचू नका. त्यातल्या घरात कोणी चूल पेटवत नाही." मी ते पुस्तक उन्हाळ्यात वाचले आणि चुलीचा उल्लेख शोधत राहिले. वाचनमंडळात एकदा त्या कडेवरच्या मुलाविषयी मी ठासून बोलले. एका मैत्रिणीने पुस्तकच पुढ्यात ठेवून म्हटले, "दाखव." मी म्हटले, पहिल्या आवृत्तीत असेल. त्यानंतर ती माझ्याशी पूर्वीसारखी बोलली नाही.

पती गेले, निवृत्ती आली, मंडळातली माणसे पांगली. पुस्तकाविषयी मनापासून बोलावे असे माणूस माझ्या आयुष्यात एकच उरले होते, आणि ते मी कधी पाहिलेले नव्हते.

गेल्या मार्गशीर्षात आलेले पत्र वेगळ्या हाताचे होते. अक्षर तिरपे, घाईचे. "सध्या काय वाचता असे तुम्ही विचारता. सध्या काही नाही. तुम्ही पाठवलेले बुक अर्ध्यात थांबले आहे. पौषात गाव उठणार. त्याआधी शेवट कळला तर बरे. जमल्यास यावे."

ती जाडजूड कादंबरी मीच पाठवली होती. नदीकाठच्या एका नावाड्याच्या घराची ती कथा. सोबत लिहिले होते, 'शेवट अवश्य वाचा; तो सोसायला तुमच्यासारखेच मन हवे.' हे वाक्य आज आठवले की माझी मान खाली जाते.

पुस्तकांची नावे मी येथे मुद्दाम देत नाही. त्या नावांची पुस्तके दुकानात मिळतील. गोमतीबाईंनी वाचलेली मिळणार नाहीत.

पळस्पे फाटा, बुधवार

प्रवासाची सुरुवात चुकीने झाली. गाडीतल्या कोणीतरी "पनवेल, पनवेल" म्हटले आणि मी बॅगेसह खाली उतरले. समोर गोव्याकडे फुटणारा रस्ता, मालमोटारींची न संपणारी रांग, आणि सकाळच्या कोवळ्या उन्हातही जळक्या रबराचा वास. चहाच्या टपरीवरच्या बाईने माझ्याकडे पाहिले.

"मावशी, पनवेल पुढं हाय. ह्यो पळस्पा. इथं फक्त चुकलेलीच उतरतात."

"चुकलेल्यांना चहा मिळतो ना?"

"त्यांच्याच जिवावर तर टपरी चालते," ती म्हणाली, आणि आल्याचा तुकडा दगडावर ठेचू लागली.

शहरात तळ्याजवळ एका साध्या लॉजमध्ये खोली घेतली. आमच्याकडे हिवाळी दुपारच्या हवेला कापसाचा आणि सरकीच्या तेलाचा वास असतो, कोरडा, उबदार. इथली हवा ओली होती. ओठांवरून जीभ फिरवली की मिठाची पुसट चव लागे. बाजारात सुकट, ओले वाल आणि तांदळाच्या पिठाच्या गोण्या शेजारी शेजारी होत्या. एस.टी. स्थानकाजवळच्या पुस्तकांच्या गाड्यावर मी थांबले. स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शके, श्रीमंत होण्याचे मंत्र, वास्तुशास्त्र.

"सध्या लोक काय वाचतात?" मी विचारले.

"हेच," गाडेवाला श्रीमंतीच्या ढिगावर हात ठेवून म्हणाला. "ज्यांच्या जमिनी गेल्या ते नेतात. पैसा आला ना, म्हणून."

"आणि कादंबऱ्या?"

"कादंबरीसाठी माणूस घरी बसलेला लागतो, मावशी."

गाव, गुरुवार

गावाचे नाव लिहून उपयोग नाही. त्या नावाने आता कोणतीही रिक्षा जात नाही. त्या गुरुवारी मात्र एक सहा आसनी रिक्षा तयार झाली. चालकाने मला दोनदा विचारून घेतले.

"नक्की तिथंच? विमानतळात गेलं ते गाव. आता कोन नाय तिथं. कुत्री हायेत, आन गोमतीकाकू हाय."

"मला गोमतीकाकूंकडेच जायचे आहे."

"मग बसा. कुत्री चावत नाहीत," तो म्हणाला. काकूंविषयी त्याने हमी दिली नाही.

घरे होती, पण त्यांना दारे नव्हती. सागवानी चौकटी, खिडक्या, कौले माणसांनी सोबत नेली होती, आणि भिंतींत उरलेल्या चौकोनी पोकळ्यांतून पलीकडचे आकाश दिसत होते. अंगणा-अंगणात तुळशीची वृंदावने मात्र जागच्या जागी. खाडीच्या बाजूला ओस पडलेल्या मिठागरांचे वाफे पांढरट, तडकलेल्या काचेसारखे पसरलेले. दुसऱ्या बाजूला टेकडी अर्धी कापलेली, तिच्या आतली तांबूस माती उघडी. मधूनच सुरुंगाचा भोंगा वाजे. मग जमीन पायांखाली एकदा दचके, आणि थोड्या वेळाने सगळ्यांवर अलगद धूळ उतरे. पानांवर, कुत्र्यांच्या पाठीवर, माझ्या पापण्यांवर.

एकाच घराला दार होते. ओट्यावर एक ठेंगणी, भक्कम बाई वालाच्या शेंगा सोलत बसली होती. हातांच्या भेगांत वर्षानुवर्षांचे मीठ मुरलेले. मी मनात चष्मा लावलेली, कृश, मृदू बोलणारी स्त्री रेखाटली होती. ही स्त्री अर्ध्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"वर्ध्याची बाय ना गो तू? आयलीस. मना वाटला पत्र पोचलाच नसंल. बस. पानी पी. गोडा हाय, टँकरचा."

पाणी पिऊन मी त्यांच्या हातांवर हात ठेवला, आणि अकरा वर्षांची खूण म्हणून हसून विचारले, "सध्या काय वाचता?"

त्या खळखळून हसल्या. "मना काय वाचता येतं? शालेचा तोंड नाय बघितला मी. सून वाचायची."

मला क्षणभर अर्थ लागेना. त्यांनी तो सावकाश, शेंगा सोलता सोलता सांगितला. सून सुगंधा बारावी शिकून या घरात आलेली. दुपारी मिठागरावरून आल्यावर गोमतीबाई काहीतरी सोलत, निवडत बसत आणि सुगंधा वाचे. पुस्तक संपले की गोमतीबाई आपले मत सांगत आणि सुगंधा ते 'साफ करून' लिही. गेल्या उन्हाळ्यात मुलगा बायकापोरीसह खारघरला टॉवरमध्ये राहायला गेला. काही दिवस सुगंधा आठवड्यातून एकदा येई. मग आई गाव सोडत नाही म्हणून मायलेकांचे भांडण झाले, आणि येणे थांबले. शेवटचे पत्र पोस्टमनने लिहून दिले होते. "त्याला घाई व्हती," गोमतीबाई म्हणाल्या. "सोमवारी मीबी निंगतंय. भावाकडं. त्याच्यापुरं किती दिवस, ता देवाला म्हाइत. तवर ती बुक पुरी कर माझी."

मी दुखावले नाही, असे म्हणणे खोटे होईल. पण मते तर याच बाईची होती. अक्षर कोणाचे, याला काय महत्त्व? मी आयुष्यभर वर्गात वाचत आले. उरलेली शंभर-सव्वाशे पाने वाचणे मला काय जड?

आधी जेवण झाले. तांदळाच्या पांढऱ्याशुभ्र, कापडासारख्या मऊ भाकऱ्या, आणि खाडीतल्या जिताडा माशाचे आंबट कालवण. आमची ज्वारीची भाकरी दाताखाली उत्तर देते. ही जिभेवर विरघळते आणि मागे फक्त ऊब राहते. "खाल्लास का कवा जिताडा?" त्यांनी विचारले. मी नाही म्हटले. "मग तुजी बुकं फुकट गेली," असे म्हणून त्यांनी आणखी एक तुकडा वाढला.

पुस्तकात खुणेसाठी बसचे तिकीट घातलेले होते. तरी मी म्हटले, "कथा कुठवर आली ते सांगा, म्हणजे मला सूर लागेल."

"नावारी घरात नसतंय. त्याची बाईल विहीर खनतंय."

"विहीर?"

"विहीर गो. परसात. एकलीच. पयला मुरूम लागला, मंग कालवट माती, मंग दगर. शेजारनी हसतान तिला. नदी दाराशी आन ही विहीर खनतंय. आता दोन पुरुस गेलीय खाली. पानी लागायचा हाय."

पुरुष म्हणजे इथे खोली मोजण्याचे माप, माणसाच्या उंचीइतके. मी पाने मागे चाळली. पुढे चाळली. त्या कादंबरीत नदी आहे, नाव आहे, शेजारणी आहेत. विहीर नाही. एकाही पानावर नाही.

मी पुस्तक मांडीवर ठेवले. मी सहज विचारल्यासारखे त्यांना त्या पहिल्या पत्रातल्या कादंबरीविषयी विचारले. त्यांनी कडेवरच्या मुलासकट सगळी सांगितली. त्या मुलाला आंघोळ कशी आवडत नाही, ते नाक कसे पुसू देत नाही, हेसुद्धा. मग त्या थंड घराची कथा. तिच्यात चूल होती. कोणी पेटवत नव्हते, पण होती.

वेळ काढण्यासाठी मी तिकिटाच्या पानापासून वाचू लागले. लेखकाची भाषा प्रौढ, लांब वाक्यांची. मला ती फार प्रिय. गोमतीबाईंचे हात हळूहळू थांबले.

"ही कोन बोलतंय?"

"नावाड्याची बायको."

"ही अशी नाय बोलत. आन विहीर खय गेली?"

"येईल," मी म्हटले.

"तू बाय शालेत शिकवायचीस ना? मंग असा का वाचतंस, मेल्या मानसाचा नाव घेतल्यासारका? उद्या सुनेकडं जा. इचार तिला कसा वाचायचा ता. जाताना तिला वाल ने."

निघताना भिंतीकडे लक्ष गेले. सामान बांधून झालेले होते; भिंतीवर एक खिळा आणि त्याखाली फिकट चौकोन उरला होता.

खारघर, शुक्रवार

खारघरचे रस्ते कोणीतरी पट्टीने आखलेले आहेत. उंच इमारती, बारक्या झाडांना लोखंडी पिंजरे, पाठीवर पिशव्या अडकवलेली कॉलेजची मुले. अकराव्या मजल्यावर सुगंधाने दार उघडले. मी नाव सांगितले.

"वर्ध्याच्या मॅडम?" ती म्हणाली. मग वालाची पिशवी घेऊन तिने तोंड आत घातले आणि बराच वेळ वर काढले नाही. "गावाची धूळ आहे याच्यावर," ती म्हणाली.

दिवाणखान्यात चंदनी हार घातलेले एका तरुणाचे छायाचित्र होते. काल पाहिलेल्या फिकट चौकोनाएवढेच.

"माझे मोठे दीर," ती म्हणाली. "बावीसचे होते. खाडीत गेले. माझ्या लग्नाआधीची गोष्ट. आईंनी तुम्हाला सांगितलं नसेल. कोणालाच सांगत नाहीत."

मी पुस्तक काढून टेबलावर ठेवले. "विहीर कुठून आली, सुगंधा?"

ती रडेल असे मला वाटले होते. ती आधी हसली, चोरी पकडली गेलेल्या मुलीसारखी.

"खरं सांगू? पहिल्याच पुस्तकात एक मुलगा बुडतो. मला काय माहिती, मी आपली वाचत चाललेले. त्या पानावर आले आणि समोर आई शेंगा सोलतायत. माझा आवाजच फुटेना. मग मी त्याला पोहायला लावलं, मॅडम. मीच. काठाला लावला त्याला. आई म्हणाल्या, 'हां.' एवढंच. पण त्या दिवशी जेवल्या पोटभर."

"आणि मग?"

"मग सवयच लागली. आधी नुसते शेवट बदलायचे. नंतर भाषा पण आपली. पुस्तकातल्या बायका आमच्यासारख्याच बोलायला लागल्या. ते कडेवरचं मूल ना, ते माझंच होतं. सोनू तेव्हा सहा महिन्यांची, खाली उतरायचीच नाही. तिला कडेवर घेऊन वाचायचे, तर आलं ते पुस्तकात. तुम्ही लिहिलंत, मूल आठवत नाही. मला इतकं टेन्शन आलं, दोन दिवस झोप नाही."

"मी माझ्या मैत्रिणीशी भांडले त्या मुलापायी."

"सॉरी," ती म्हणाली, आणि तिला पुन्हा हसू आले, मलाही आले. त्या चार दिवसांतले ते शेवटचे हसू.

"तुमचं हे पुस्तक आलं," ती सांगू लागली. "मी आधी शेवट बघून घ्यायचे नेहमी. नावाड्याचा मुलगा पाणी आणायला नदीवर जातो आणि जातोच. सगळं पुस्तक त्या घाटाकडेच चाललेलं. एका पानावर बदलून भागणार नव्हतं. म्हणून मी अलीकडेच विहीर खणायला घेतली. घरातच पाणी लागलं, तर नदीवर कोणाला जावंच लागणार नाही ना?"

अकरा मजल्यांखाली कुठेतरी मोटारीचा कर्णा वाजला. मी इतकी वर्षे कवितांमधल्या प्रतिमांचे अर्थ मुलांना समजावून दिले. इतका साधा, इतका निकडीचा अर्थ माझ्या हाती कधी लागला नव्हता.

"चल माझ्याबरोबर," मी म्हटले. "विहीर पुरी कर."

तिने मान हलवली. "हे मला जाऊ देणार नाहीत. आणि खोटं कशाला बोलू, दिलं तरी जमणार नाही. इथं आल्यावर मी प्रयत्न केला, मॅडम. दुपारी पुस्तक उघडून बसते. काही सुचत नाही. आता जे छापलंय तेवढंच दिसतं." तिने पुस्तक माझ्याकडे सरकवले. "तुम्ही करा ना पुरी. तुम्ही कविता करता, पत्रांत असायच्या. पाणी लावायचं राहिलंय फक्त."

पुन्हा गाव, शनिवार

लॉजच्या खोलीत पहाटेपासून मी विहिरीचा शेवट रचला. मनाशी घोकला. पाणी लागते, ती बाई ओंजळ भरते, मुलगा विहिरीच्या काठावरून खाली वाकून आईला हाक मारतो. रचना चांगली झाली होती. वाक्यांना लय होती. त्याच दिवशी सायंकाळी माझी परतीची गाडी होती.

त्या दिवशी गोमतीबाईंच्या घराला दार नव्हते. भावाची माणसे सकाळी येऊन ते काढून घेऊन गेली होती. त्या ओट्यावर तशाच बसल्या होत्या, पुढ्यात वाल. "इचारलास सुनेला?"

"विचारले."

"जाडी झालीय का?"

"नाही. आहे तशीच."

"वाच."

मी पुस्तक उघडून डोळ्यांपुढे धरले आणि पाठ केलेले म्हणू लागले. "एके सकाळी विहिरीच्या तळाशी ओल दिसली. मग एक झरा..."

त्यांचा चेहरा उजळला. हात पुन्हा भराभर चालू लागले. "लागला? किती पुरुसावर?"

मी अडखळले. "तीन."

"गोडा का खारा?"

"गोड."

"तीनावर गोडा?" त्यांनी मान वर केली. "नदी दाराशी, खाली दगर, आन तीनावर गोडा? त्याच्या आदी माती कशी निंगाली? पिवली का निली?"

मला माती माहीत नव्हती. मी तिचा रंग, वास, ओल यांवर ओळी लिहिल्या आहेत. कोणत्या मातीखाली कोणते पाणी असते ते मला कोणी शिकवले नव्हते, आणि मी कधी विचारले नव्हते. "निळी," मी म्हटले.

"निल्या मातीखाली खारा असतंय, बाय," त्या मऊपणे म्हणाल्या. "ही तू बोलतंस. बुक नाय बोलत. तुना म्हाइत नाय विहिरीचा. ऱ्हाऊ दे. जा हाय ता वाच."

"गोमतीबाई, जे आहे ते..."

"वाच गो. सोमवारी मना निंगायचा हाय."

मी वाचले. का वाचले, याचे उत्तर माझ्यापाशी आहे, पण ते मला समाधान देत नाही: मला दुसरे काही येत नव्हते. छापलेले शुद्ध वाचणे, एवढीच माझी आयुष्यभराची विद्या. मधली पाने गाळून मी थेट शेवटच्या प्रकरणावर आले. मुलगा घागर घेऊन निघतो. घाटाच्या पायऱ्या मोजतो. लेखकाने ती बारा पाने अप्रतिम लिहिली आहेत. वर्गात वाचताना माझा आवाज तेथे नेहमी जड होई, आणि मुले स्तब्ध होत. त्या दुपारी माझा आवाज कोरडा, एकसारखा निघत राहिला. मध्येच भोंगा वाजला, जमीन दचकली, धूळ आली. मी थांबले नाही. घागर तरंगत परत आली. मुलगा आला नाही.

पुस्तक मिटले तेव्हा गोमतीबाईंच्या हातात एक अर्धी सोललेली शेंग होती. ती त्यांनी सोललीही नाही, खालीही ठेवली नाही. डोळे खाडीकडे होते. भरती चढत होती; कोरड्या वाफ्यांच्या कडांनी पाणी आवाज न करता आत येत होते.

"मंग येवरी विहीर खनली ती कनाला?" त्या म्हणाल्या.

कशाला? तो प्रश्न मला नव्हता.

त्यांनी शेंग ठेवून पदराने हात पुसले. "कागद हाय?"

"आहे."

"लिही. वर्ध्याच्या बायला."

"ती मीच ना, गोमतीबाई."

"असशील. बुक संपली का मी तिला पत्र धारतंय. लिही तू."

त्यांनी सांगितले आणि मी लिहिले. या वेळी काही साफ केले नाही. "बुक पुरी झाली. लिवनाऱ्यानी पोराला बुरवला. बुरवायला नुसता पानी लागतं. विहीर खनायला मानूस लागतं. ही बुक कोनाला देव नको."

"झाले?"

"त्याच्याखाली काय असतंय नेमी ता लिही."

मी लिहिले.

"आन पेटीत टाक. हातात नेव नको. पत्र पोस्टानी जातंय."

उठताना मी त्यांच्या पायांना हात लावला. माझ्या बोटांना मीठ लागले. सायंकाळच्या गाडीत मी बोट जिभेला लावून पाहिले, आणि ते पाण्याचे की मातीचे, हे मला ओळखता आले नाही.

पत्र मी पनवेलच्या स्थानकाजवळच्या पेटीत टाकले. ते सहाव्या दिवशी वर्ध्याला आले. पाकिटावर माझाच पत्ता, माझेच अक्षर. शेवटच्या ओळीत विचारले आहे: सध्या काय वाचता?

उत्तर मी त्याच दिवशी लिहिले. 'सध्या काही नाही,' एवढेच. पाकिटात घालून ते चिकटवलेही. पाकिटावर गोमती घरत हे नाव आहे; भावाचे गाव मी विचारलेच नव्हते. नावाखालच्या ओळी कोऱ्या आहेत.